दिवसाची झोप : आळस की आजार?

(वार्षिक सभेत प्रशासनातर्फे व्यक्त केलेले मनोगत)



आम्ही वाणिज्य शाखेचे. जमाखर्च हा आमचा प्रांत. तरीही आज एका चुकीचा हिशेब आपणांपुढे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

आमच्या नोंदणी कक्षातील एक कर्मचारी कामावर पेंगत असत. सहकारी त्यांना ‘कुंभकर्ण’ म्हणत. आम्ही दोनदा लेखी समज दिली. एके दिवशी त्यांच्या पत्नी येऊन म्हणाल्या, “साहेब, घोरता घोरता यांचा श्वासच थांबतो. मी घाबरून हलवून जागे करते.” डॉक्टरांच्या दारापासून वीस पावलांवर बसणाऱ्या माणसाला आम्ही तोवर तपासणीस पाठविले नव्हते!

तपासणीची सुरुवात साधी असते. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एपवर्थ’ प्रश्नावलीत आठ प्रश्न आहेत. वाचताना, प्रवासात, दुपारी आडवे झाल्यावर डुलकी लागण्याचा संभव किती, असे त्यांचे स्वरूप. प्रत्येकी ० ते ३ गुण. २४ पैकी १० हून अधिक झाल्यास डॉक्टरांना भेटावे. पुढे रक्तक्षय, थायरॉईड, चालू औषधे पाहिली जातात. रात्रभराच्या निद्रा-चाचणीत श्वास, प्राणवायू व मेंदूचे तरंग नोंदले जातात. झोपेत घशाचा मार्ग मिटून श्वास अडत असेल, तर दाबाने हवा देणारे यंत्र उपयोगी पडते. रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसा ती आवरत नसेल, हसताना गुडघे लुळे पडत असतील, तर नार्कोलेप्सीची शंका घेऊन दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकीची चाचणी करतात. या रुग्णांच्या मेंदूत जागे ठेवणारे ऑरेक्सिन हे द्रव्य फार कमी असते. त्यास आळस कसे म्हणावे?

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर चालकाची क्षणभराची डुलकीही जीवघेणी ठरते. म्हणून ही केवळ एका घराची बाब नव्हे.

आमचे कर्मचारी आता यंत्र लावून झोपतात व दिवसा ताजेतवाने असतात. ती दोन्ही समजपत्रे आम्ही रद्द केली आहेत. चाचणीचा व यंत्राचा खर्च प्रत्येकास पेलत नाही. देणगीदारांनी याचा अवश्य विचार करावा. नातेवाइकांना एकच विनंती : झोपलेल्यास स्वतःची झोप दिसत नाही, आपण पाहिलेले डॉक्टरांना सांगावे.