उंदराचा पाय आणि कामगाराचा पाय



मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण तो आपल्या कामगाराच्या पायाशी येऊन भिडतो.

न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर या डॉक्टराने १९०८ साली एका रोगाचे सविस्तर वर्णन केले. तंबाखू ओढणाऱ्यांच्या, बहुधा तरुण पुरुषांच्या, हातापायांतील रक्तवाहिन्या सुजतात व गुठळ्यांनी बंद होतात. आधी चालताना पोटरी दुखते, मग बसल्या जागीही दुखते. बोट काळे पडते, आणि कित्येकांचा पाय कापावा लागतो. आपल्याकडे विडी ओढणाऱ्या गरिबांत हा रोग दिसतो.

हमरस्ता तुंबला की भिवंडीची रहदारी गल्लीबोळांतून वाट काढते. शरीरही बारीक वाहिन्यांतून तीच खटपट करते. मूळ पेशी टोचून या गल्ल्या वाढवता येतील काय, हा आजचा प्रश्न. १९९७ साली आसाहारा, इस्नर आदी संशोधकांनी प्रौढ माणसाच्या रक्तातही वाहिन्यांचे अस्तर घडवू शकणाऱ्या पेशी असतात असे दाखवले, आणि या शोधाला जोर चढला.

परीक्षा आधी उंदरावर होते. त्याच्या मांडीची धमनी बांधतात, माणसाच्या पेशी टोचतात आणि पायात रक्त किती परतले ते मोजतात. परक्या पेशी त्याच्या शरीराने मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दुबळी असलेलाच उंदीर घेतात. मेख इथेच आहे. हा उंदीर तरुण असतो, त्याची धमनी एका दिवसात बंद केलेली असते, आणि त्याने वीस वर्षे विडी ओढलेली नसते. तो वाचला म्हणजे पुढे जाऊन पाहण्यास हरकत नाही, एवढेच सिद्ध होते.

याचा पडताळा आला आहे. नेदरलँड्समध्ये पायाचा रक्तपुरवठा तुटलेल्या १६० रोग्यांवर चाचणी झाली. त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी दिल्या, तरी २०१५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षात पाय कापण्याचे प्रमाण घटलेले नव्हते. उलट बंगळूरच्या स्टेम्प्यूटिक्सने निरोगी दात्यांच्या मज्जेपासून केलेल्या, पोटरीत टोचण्याच्या औषधाला बर्जरच्या रोगासाठी २०१६ साली मर्यादित परवानगी मिळाली. म्हणजे आशा आहे, हमी नाही.

म्हणून माझे मागणे असे. चाचणीचा संमतीपत्रक-कागद रोग्याच्या भाषेत असावा आणि त्याची प्रत त्याच्या हाती पडावी. चाचणीत इजा झाल्यास उपचार व भरपाई देण्याचे बंधन २०१९ च्या नियमांत आहे. ते कामगाराला वाचून दाखवावे. मंजूर नसलेल्या पेशी पैसे घेऊन टोचणाऱ्यांना २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अनैतिक ठरवले आहे. त्यांच्या पाट्यांना भुलून कोणी दागिने गहाण टाकू नयेत. आणि फसलेले प्रयोगही छापले जावेत, नाहीतर त्या मुक्या जिवांच्या यातना फुकट गेल्या.

या रोगावर सर्वांत खात्रीचा उपाय आजही तंबाखू पुरती सोडणे हाच आहे. पण बारा तासांच्या पाळीत झोप उडवायला जो विडी पेटवतो, त्याला नुसता उपदेश करून भागणार नाही. त्याची पाळी आठ तासांची करणे हेही रक्तवाहिन्यांचेच औषध आहे. ते द्यायला प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.