रूढी आहे म्हणता, मग पुरावा कुठे आहे?

थळकर मंडळी, आणि चौल-रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंतच्या गावांतून आलेल्या माझ्या भावांनो, बहिणींनो,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं की लग्नाच्या बाबतीत आपली गावकी कायद्यापेक्षा शहाणी आहे. त्यांना टाळ्याही भरपूर मिळाल्या. अध्यक्षाने शेवटी उठून सगळ्यांचं गोड कौतुक करावं असा रिवाज आहे. तो मी आज पाळणार नाही. कारण या टाळ्यांची किंमत आपल्या मुली मोजतात.

गावकी काय करते? मामाच्या मुलीशी भाच्याचं लग्न हौसेने लावते. आत्याच सासू होणार, पोरीला जाच होणार नाही, जमीन घरात राहील. आणि एका देवकाच्या, एका कुळातल्या पोरापोरीने लग्न केलं की तीच गावकी त्या घराला वाळीत टाकते. हळदीला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. कायदा याच्या नेमका उलट आहे. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ आणि बहीण यांच्या मुलांचं लग्न निषिद्ध आहे; ते लग्न रद्दबातल, म्हणजे मुळात झालंच नाही असं धरलं जातं. वर लग्न करणाऱ्यांना एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. उलट सगोत्र लग्नाची बंदी 1946 सालीच उठली, आणि देवकाचं तर कायद्यात नावही नाही. पाच पिढ्यांच्या आतलं नातं नसेल, तर त्या जोडप्याने कसलाही गुन्हा केलेला नाही. गुन्हा वाळीत टाकणाऱ्यांचा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो कायदा करायची वेळ आली तेव्हा कोणत्या जिल्ह्याचं नाव वारंवार घेतलं जात होतं? आपल्या रायगडचं. त्याची लाज मला वाटते, तुम्हालाही वाटली पाहिजे.

आता पिढ्या मोजू. कायद्याची मोजणी स्वतःपासून सुरू होते. वडील दुसरे, आजोबा तिसरे, पणजोबा चौथे, खापरपणजोबा पाचवे. वडिलांच्या बाजूने पाचव्यापर्यंत आणि आईच्या बाजूने तिसऱ्यापर्यंत समाईक पूर्वज निघाला, तर दोघं सपिंड. याज्ञवल्क्याने सात आणि पाच सांगितले होते, संसदेने पाच आणि तीन केले. आईचं रक्त दोन पिढ्या आधी का आटतं, याचं उत्तर मला कुणी शास्त्री किंवा वकील देऊ शकलेला नाही. गंमत नव्हे, अन्याय बघा: ज्यांचा खापरपणजोबा एक, त्यांच्या रक्ताचा सरासरी एकशे अठ्ठाविसावा हिस्सा समान असतो. त्यांना हिंदू विवाह कायदा अडवतो, पण तेच दोघं 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस लावून सरळ लग्न करू शकतात, कारण तिथल्या निषिद्ध नात्यांच्या यादीत इतकं लांबचं नातं नाहीच. हे आपल्या पोरांना कुणी सांगतं का? नाही. ती पळून जातात, आणि मग आपण गावबैठका भरवतो.

शहरातले काही शिकलेले लोक मामेबहिणीशी लग्नाला रानटी चाल म्हणतात. त्यांनाही सोडणार नाही. अर्जुनाची सुभद्रा ही त्याच्या मामाचीच मुलगी, आणि 1882 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं तेव्हा मराठी माणसाने ते डोक्यावर घेतलं. दक्षिणेत ही चाल आहे, याची नोंद बौधायनानेही केली आहे. मात्र तरुणांनो, मी या लग्नाची शिफारस करत नाही. आते-मामेभावंडांत आठवा हिस्सा रक्त समान असतं. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल घरात असेल तर त्याची किंमत मूल भोगतं. रक्त तपासून घ्या. पण जी लग्नं झाली आहेत, ज्या बाया आज पदर खोचून संसार करताहेत, त्यांचं काय?

त्यांच्यासाठी कायद्याने एक दार ठेवलंय. दोघांच्याही समाजाची तशी रूढी असेल तर लग्न वैध. दोघांच्याही, हे विसरू नका. आणि रूढी म्हणजे पूर्वापार, अखंड, एकसारखी पाळलेली. ती सिद्ध करायची जबाबदारी रूढीचं नाव घेणाऱ्यावर. एका बाईचा नवरा 2007 साली सपिंड नात्याचं कारण देऊन कोर्टातून लग्न रद्दबातल ठरवून घेऊन मोकळा झाला. लग्नासाठी पुढाकार त्याच घराने घेतला होता, असं तिचं म्हणणं. पण रूढी तिला सिद्ध करता आली नाही. तिने सपिंड लग्नाच्या बंदीच्या कलमालाच आव्हान दिलं, तेही जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळलं.

तसा प्रसंग उद्या आपल्या पोरीवर आला तर कोण उभं राहणार? लग्नात अक्षता टाकणारे पाचशे. साक्षीला? गावकीचे पंच म्हणतील, आमचं नाव नको. नवरा वारला तर वारसनोंदीत ती बायको नाही, कुटुंब निवृत्तिवेतनात नाही. मुलांना कलम 16 औरस ठरवतं, आईला बायको ठरवत नाही. खत कारखान्यासाठी जमिनी गेल्या त्या गावाला मी कागदाचं महत्त्व सांगावं? बोटीची नोंदणी आपण एक दिवस चुकू देत नाही. मग सुनेच्या लग्नाचा आधार तोंडी का?

1827 साली आर्थर स्टील नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या जातींच्या चाली विचारून लिहून काढल्या. परक्याला गरज वाटली. आपल्याला दोनशे वर्षांत वाटली नाही. (महादेव कोळी, ठाकूर, कातकरी बांधवांना कलम 2 मुळे हिंदू विवाह कायदा लागूच नाही, त्यांची रीत हाच त्यांचा कायदा. त्यांनी तर ती आधी लिहावी.)

म्हणून अध्यक्ष या नात्याने ठराव मांडते. प्रत्येक गावाने वही करावी. कोणत्या घरात, कोणत्या साली, कोणत्या नात्यात लग्न झालं, वंशावळीसह. जुन्या जाणत्यांच्या, विशेषतः म्हाताऱ्या बायांच्या जबान्या सहीनिशी, अंगठ्यानिशी घ्याव्यात. वहीने नवी रूढी तयार होत नाही. असेल ती कोर्टात दाखवता येते. आणि नोंदी खऱ्याच हव्यात. चाल नसेल तर नाही असं लिहा, म्हणजे पोरीचा बाप लग्नाआधीच सावध होईल. दुसरा ठराव: देवकावरून, कुळावरून वाळीत टाकलेलं प्रत्येक घर या महिन्यात परत घ्यायचं, दंड न घेता, माफी न मागवता, माफी मागायचीच असेल तर ती गावकीने मागावी.

ज्या पंचांना हे मान्य नाही त्यांनी घरी जाऊन कुजबुजू नये. माइक इथे आहे. या, आणि ज्या सुनांची लग्नं तुम्ही लावलीत त्यांच्यासमोर बोला.