अक्षरांची लायब्ररी आपल्या हातांनी



हर्फ म्हणजे अक्षर, हे या नगरीतील श्रोत्यांना सांगावयास नको. आज ज्या साधनाविषयी मी बोलणार आहे, त्याचे 'हार्फबझ' हे नाव फारसीतील 'हर्फ' आणि 'बाझ', म्हणजे खुले, या शब्दांवरून आले आहे. बेहदाद एस्फहबोद हे त्याचे प्रमुख कर्ते. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड यांच्या पोटात अक्षरे जुळविण्याचे काम तेच करते.

अक्षरे जुळवावी का लागतात? 'कि' लिहिला की संगणक आधी 'क' साठवितो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी डावीकडे यावयास हवी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरांतल्या. 'र'च्या एका रूपाने अर्थ पालटतो. अनेक आज्ञावल्यांना पुरणाऱ्या अशा सामाईक साधनाला लायब्ररी म्हणतात. पाणचक्की सर्व पाहतात. तिला दुरून पाणी आणणारी जमिनीखालची वाट कोणी पाहत नाही. लायब्ररीचे स्थान त्या वाटेचे आहे.

लिनक्सवर ती आयती मिळते. मग सोर्स कोडपासून, म्हणजे मूळ संहितेपासून, ती का उभारावी? आयती प्रत पुष्कळदा जुनी असते, आणि दुरुस्ती नव्या प्रतीत झालेली असते. शिवाय मराठीचा एखादा नियम चुकत असेल, तर तो स्वतः सुधारून पाहण्याचा दुसरा मार्ग नाही. परवान्याने ती मुभा दिलेली आहे.

कृती तीन आज्ञांची आहे. 'मेसन सेटअप' ही यंत्रावर काय आहे, काय नाही ते पाहते. 'मेसन कंपाइल' संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करते. 'मेसन इन्स्टॉल' तयार वस्तू जागेवर ठेवते. पहिल्या आज्ञेचे उत्तर मात्र सावकाश वाचावे. फ्रीटाइपसारखी पूरक लायब्ररी सापडली नाही, तर काम बहुधा थांबत नाही. तेवढा भाग मुकाट्याने गळतो. डेबियन वा उबुंटूवर अशा वेळी नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेला पुडा आधी घ्यावा लागतो.

दुसरी सावधगिरी जागेची. व्यवस्थेच्या मूळ प्रतीवर आपली प्रत कधीही लादू नये. तिच्यावर इतर आज्ञावल्या उभ्या असतात. 'प्रीफिक्स' देऊन आपल्याच घरच्या फोल्डरात ती ठेवावी, आणि ती कोठे आहे हे 'एलडी लायब्ररी पाथ'मधून सांगावे. चुकले तर फोल्डर पुसला की झाले.

शेवटी परीक्षा. 'एचबी-शेप' या आज्ञेला लोहित देवनागरी टंक आणि 'कि' द्यावा. उत्तरात वेलांटी आधी आली, तर अक्षर नीट जुळले.

मित्रहो, भाषेचा अभिमान भाषणांतून पुष्कळ व्यक्त होतो. पण आपले अक्षर मोडलेले दिसले की आपण दुसऱ्याने ते दुरुस्त करण्याची वाट पाहतो. संहिता खुली आहे. आपल्या महाविद्यालयांतील चार मुलांनी एका दुपारी ती उभारून पाहिली, तर पुढची चूक दुरुस्त करणारा हात याच शहरातला असू शकेल.