रविवारची हजेरी आणि रमाबाईंची साक्ष

इयरफोन लावलेत ना? चला.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात, वाँटेजला झाला. पवित्र शास्त्र वाचलेलं, उपासना नेमाने. पुढे पुण्यात शारदा सदन चालवून विधवांना आसराही देत होत्या. आपल्या मंडळीत अशी बाई असती तर आपण तिला थेट कमिटीवर घेतलं असतं! आणि याच रमाबाई साक्षीत सांगतात, की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर त्यांना कळलं : ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त मिळालेला नाही.

त्यांना हे उमगायला विल्यम हॅसलम या पाळकाचं पुस्तक कारण झालं. गंमत म्हणजे हा पाळक स्वतः उपदेश करता करता पालटला होता!

म्हणून ‘चर्चला जातोस ना?’ एवढंच विचारणं मला अपुरं वाटतं. जायचंच, गैरसमज नको. पण लूक १९ मधला जक्कय बघा. जकातदारांचा मुख्य, पैसेवाला. येशू आधी त्याच्या घरी आला. मग हा उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत. मन बदललं ते खिशात दिसलं. आपली हजेरी वर्षानुवर्षं लागते, आणि बुडवलेली उसनवारी, अबोला धरलेला भाऊ, लपवलेले चॅट जिथल्या तिथे.

आज पुढचा एपिसोड लगेच लावू नका. दोन मिनिटं प्रभूशी साध्या शब्दांत बोला. मग ज्याचं देणं आहे त्याला फोन करा.