डाएट चार्ट आणि मोबाइल
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी आहारतज्ज्ञ आहे हे कळल्यापासून आपल्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं, "एआयनं हा डाएट चार्ट दिलाय, पाळू का?" जिलबी वाढून होईपर्यंत त्याबद्दलच बोलते.

हे नुसतं खूळ नाही. २०१५ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत एरन सेगल आणि एरन एलिनाव यांच्या गटानं ८०० जणांच्या शरीरातली साखर आठवडाभर सतत मोजली. तोच पदार्थ खाऊन एकाची साखर चढत होती, दुसऱ्याची फारशी हलत नव्हती. रक्ततपासणी, आतड्यातले जिवाणू, जेवण, झोप अशी सगळी माहिती देऊन त्यांनी संगणकाला शिकवलं, आणि कुणाची साखर कशानं वाढेल याचा बराच बरोबर अंदाज तो सांगू लागला. सरसकट "भात बंद" म्हणणाऱ्यांना ही चांगलीच चपराक होती.

पण त्या संगणकाकडे माणसाच्या तपासण्या होत्या. आपल्या मोबाइलला मिळतात आपण टाइप केलेल्या दोन ओळी: वय, वजन, शुगर. क्रिएटिनिन कोण लिहितं? मग पालक, शहाळं, टोमॅटोचं सूप असा झकास तक्ता येतो. मूत्रपिंडं अधू असतील तर त्यातलं पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन घेणाऱ्यानं एकदम पालेभाज्या वाढवल्या, तर गोळीचा परिणाम कमी होतो. भाज्या सोडायच्या नाहीत, पण रोजचं प्रमाण साधारण सारखं हवं.

आणि "एक वाटी आमटी" म्हणजे कुणाची वाटी? आमच्या सासरची वाटी म्हणजे लहान पातेलंच!

२०२५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक हकिगत प्रसिद्ध केली. साठ वर्षांच्या एका गृहस्थांनी चॅटजीपीटीला विचारून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी भास व्हायला लागले, आणि पुढे तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले.

नाश्त्याला रोज नवीन काय करू, हे मोबाइलला खुशाल विचारा. तिथे तो माझ्यापेक्षा हुशार आहे. पण मधुमेह, मूत्रपिंड, हृदय यांपैकी काही असेल तर तक्ता आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. मलाही पाठवा, सोबत अलीकडचा रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो हवा. नुसत्या चार्टला मी उत्तर देणार नाही, मग तुम्ही माझ्या बाकावर बसलेले असलात तरी!