इंदूरच्या मैत्रिणीकडे पाच दिवस

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं, ताई, तू इंदूरला जाऊन आलीस, त्यावर दहा मिनिटं बोल. मी म्हटलं, अभ्यास दौऱ्यावर गेलेल्या बाया बोलतील, मी तर मैत्रिणीकडे पाहुणी म्हणून गेले होते. पण जे पाहिलं ते तुमच्या कामाचं आहे, आणि आल्यानंतर जे झालं ते तर जास्तच कामाचं आहे. म्हणून उभी राहिले.

माझी ही मैत्रीण आमच्याच गावची. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. बोडीवर कपडे धुवायला एकत्र, रोवणीला एकत्र. मग तिचं लग्न इंदूरच्या मराठी घरात झालं. तिकडे मराठी माणसं होळकरांच्या काळापासून आहेत. अहिल्याबाईंचं नाव तिथे विमानतळालासुद्धा आहे. आपल्या लतादीदींचा जन्मही इंदूरचाच, १९२९ चा. तिच्या सासूबाई मराठीच बोलतात, पण मधे मधे हिंदी येते. मला म्हणाल्या, "खाना लागला आहे, हात धुऊन या." मी आधी घाबरले, कोणाला काय लागलं म्हणून.

दरवर्षी ती बोलवायची. मी म्हणायची, धान निघू दे. मागच्या नोव्हेंबरात धान निघालं, चुरणं झालं, आणि मी गोंदियाहून नागपूर, नागपूरहून इंदूरची गाडी धरली. इटारसी, भोपाळ, उज्जैन करत पोचायला मध्यरात्र झाली. ती आणि तिचे मिस्टर स्टेशनवर आले होते. रस्त्याने जाताना मी पाहिलं, बाया आणि माणसं त्या वेळी रस्ता झाडत होती. मोठ्या रस्त्यावर झाडण्याची मशीन फिरत होती. मी विचारलं, उद्या कोणी मंत्री येणार आहे का? ती हसली. "अगं, रोजच असतं."

सकाळी गाण्याचा आवाज आला. मला वाटलं लग्नाची वरात. ती कचऱ्याची गाडी होती. घराघरातून बाया डबे घेऊन निघाल्या, माझी मैत्रीणही निघाली. मी मागे गेले. आणि बायांनो, तिच्या घरी कचऱ्याचा एक डबा नाही. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, खराब झालेले सेल, बल्ब, वायरी वेगळ्या, जुनी औषधं आणि असल्या धोक्याच्या वस्तू वेगळ्या. सहावा डबा आपल्या पाळीच्या पॅडचा आणि लेकरांच्या डायपरचा. गाडीतही तसेच कप्पे. कुठून सुरुवात करू सांगू? आपण पॅड कुठे टाकतो, ते आपल्याला माहीत आहे. कोणी बोडीच्या काठी, कोणी चुलीत, कोणी पन्नीत गुंडाळून उकिरड्यात, मग कुत्रं ओढतं आणि आपण मान खाली घालून जातो. तिथे बाई तो डबा सगळ्यांसमोर गाडीत रिकामा करते. कोणी हसत नाही. मला तेच सगळ्यात जास्त आवडलं, रस्त्यापेक्षाही.

एका बाईने ओल्यात सुकं मिसळलं होतं. गाडीवरच्या पोराने डबा घेतलाच नाही. वापस. ती बाई तिथेच उभी राहून निवडत बसली.

आता माझीच फजिती सांगते. दुसऱ्या दिवशी छप्पन दुकानला गेलो. तिथे खाण्याच्या दुकानांची ओळच्या ओळ आहे. पोहे खाल्ले. आपले पोहे तर्रीचे, त्यांचे वाफेवरचे, वर शेव आणि जीरावन नावाचा मसाला, सोबत जिलेबी. (खरं सांगू का, धान आपण पिकवतो, पोहे आपले, पण नाव इंदूरचं झालं. यावर आपल्या गटांनी एकदा वेगळं बसायला पाहिजे.) तर मी फुटाण्याची पुडी खाल्ली आणि सवयीने कागद खाली टाकला. सात-आठ वर्षांची एक पोरगी थांबली, कागद उचलला, माझ्या हातात दिला आणि बोटाने डबा दाखवला. बोलली काही नाही. मला तर जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्याकडे खर्र्याच्या पन्न्या पायाखाली खचाखच असतात, आपल्याला त्या दिसतसुद्धा नाहीत.

मी मैत्रिणीला म्हटलं, इथली माणसंच चांगली आहेत बाई, आमच्याकडची नाहीत. ती म्हणाली, "चूप बस. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या कोपऱ्यावर कचराकुंडी होती, गायी, डुकरं, सगळं होतं. मीच खिडकीतून टाकत होते." मग तिने सगळं सांगितलं. आधी ८५ पैकी फक्त दोन वॉर्डांत घराघरातून गाडी सुरू केली, ते जमलं तेव्हा बाकीचे वॉर्ड घेतले. तेव्हा तिथे महापौर बाई होत्या, मालिनी गौड. रस्त्यावरच्या कुंड्या हळूहळू उचलून टाकल्या. २०१६ ला स्वच्छतेत इंदूर देशात पंचविसावं होतं, २०१७ ला पहिलं आलं, आणि मग दरवर्षी पहिलंच. २०२३ ला सुरत बरोबरीत होतं. दंडही आहे, थुंकलं की पावती फाटते. गाडीचे पैसे घरटी दर महिन्याला भरावे लागतात. फुकट काही नाही.

मी विचारलं, दंडाच्या भीतीने सुधारले का? ती विचार करून म्हणाली, "गाडीमुळे सुधारले. गाडी रोज येते. पाऊस असो, दिवाळी असो. मग कुठे टाकायचा प्रश्नच राहत नाही."

हे ऐकून मला आपल्या भागातली एक घंटागाडी आठवली. कोणत्या गावची ते सांगत नाही. उद्घाटनाला नारळ फुटला, तीन आठवडे फिरली, मग ड्रायव्हरचे पैसे थकले आणि ती शाळेमागे उभी झाली. आता तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. आणि आपण बायांना म्हणतो, सवय लावा.

ओल्या कचऱ्याचं काय होतं तेही सांगते. शहराबाहेर देवगुराडियाला पूर्वी कचऱ्याचा डोंगर होता, लाखो टनांचा. तो उपसून साफ केला. तिकडेच आता ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवण्याचा कारखाना आहे. दिवसाला ५५० टन कचरा घेण्याची ताकद, फेब्रुवारी २०२२ पासून सुरू. त्या गॅसवर शहराच्या बस चालतात. आपल्याकडच्या गोबरगॅसचाच हा मोठा भाऊ. सुका कचरा निवडण्याच्या केंद्रांवर बऱ्याच बाया आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी आधी उकिरड्यावर भंगार वेचत होत्या. आता हातमोजे, तोंडाला मास्क, ठरलेली कामाची वेळ. पण मशीनच्या पट्ट्यासमोर उभं राहून दिवसभर निवडणं सोपं नाही. वासही आहे. ते शहर चकचकीत आहे ते या बायांच्या आणि रात्री झाडणाऱ्यांच्या जिवावर.

पाच दिवस राहून आले. गावात आल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटले, इंदूर असं, इंदूर तसं. आमच्या ग्रामसंघाच्या अध्यक्षा म्हणाल्या, आता बस कर, नाहीतर तुलाच गाडी चालवायला लावू.

मग डिसेंबर सरता सरता टीव्हीवर बातमी आली. त्याच इंदूरमध्ये भागीरथपुरा नावाच्या वस्तीत नळाच्या पाण्यात मैल्याचं पाणी मिसळलं. शेकडो माणसं दवाखान्यात. माणसं मेली, त्यात एक तान्हं लेकरूही होतं. पिण्याच्या पाण्याची मुख्य पाइपलाईन गळत होती, आणि बरोबर तिच्यावर एक शौचालय होतं. वस्तीतले लोक पाण्याला वास येतो म्हणून आधीपासून तक्रार करत होते.

मी मैत्रिणीला फोन लावला. तिचा भाग दुसरा, घरचे सगळे ठीक होते. पण तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "तुला मी सगळं दाखवलं. नळाचं पाणी कुठून येतं, हे मी स्वतःच कधी पाहिलं नाही." मला काय बोलावं समजलं नाही. पाच दिवस मी त्याच शहराचं पाणी तांब्याने पीत होते, आणि एकदाही विचारलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, बघा, सगळं खोटं होतं. मी तसं म्हणणार नाही. ती गाडी खोटी नाही, तो सहावा डबा खोटा नाही. पण रस्त्यावरचा कचरा सगळ्यांना दिसतो, बक्षीसही त्याला मिळतं. जमिनीखालचा पाइप कोणाला दिसत नाही, आणि त्याचा वास आला तर तो गरिबाच्या नळाला आधी येतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आमच्या गल्लीतला नळही नालीच्या कडेने येतो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण द्यायचं असतं, त्याची पेटी असते. आमच्या गावात पाच नावं होती, त्यातलं एक माझंच! सही केली होती, पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात होती. जाऊन काढली. तारीख पाहिली, काही सामान मुदत संपलेलं होतं, ते बदलून मागितलं.

त्यात एक छोटी बाटली असते. नळाचं पाणी तिच्यात खुणेपर्यंत भरायचं, हात आणि नळाचं तोंड आधी साफ करायचं, झाकण लावून उबेला ठेवायची. थंडीत मी ती धानाच्या कोठीजवळ चिंध्यांत गुंडाळून ठेवली. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं झालं, तर त्यात मैल्याचे जंतू असू शकतात. आम्ही चार ठिकाणचं पाणी घेतलं. तीन बाटल्या जशाच्या तशा राहिल्या. चौथी, आमच्या गल्लीतली, दुसऱ्या दिवशी शाईसारखी काळी.

मी ती बाटली तशीच ग्रामपंचायतीत नेऊन टेबलावर ठेवली. आधी म्हणाले, बाटली खराब असेल. दुसरी लावली, तीही काळी. मग पाणी प्रयोगशाळेत गेलं, जलसुरक्षकाने ओटी टेस्ट केली, थेंब टाकला तरी पाणी पिवळं झालं नाही, म्हणजे क्लोरीन पोचतच नव्हतं. खोदलं तेव्हा नालीत बुडालेला जोड निघाला. तोवर आम्ही अठ्ठावीस घरांत जाऊन सांगितलं, पाणी उकळूनच प्या, मेडिक्लोरचे थेंब टाका, प्यायचा गुंड झाकून ठेवा. जोड बदलला. पण पाइप अजून नालीच्या कडेनेच आहे, तो उचलून वर घ्यावा म्हणून ग्रामसभेत अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे, पोच माझ्या पिशवीत आहे.

आता माझी दहा मिनिटं झाली, अध्यक्षताई घड्याळ दाखवत आहेत. चहाच्या वेळी मी त्या लिंबाच्या झाडाखाली रजिस्टर घेऊन बसते. प्रत्येक गावच्या एका बाईने येऊन तीन गोष्टी लिहून द्यायच्या. तुमच्या गावच्या त्या पाच बाया कोण? पेटी कोणाच्या ताब्यात आहे, आणि सामानाची मुदत कधीपर्यंत आहे? आणि ग्रामपंचायतीला पाण्याचं कार्ड कोणत्या रंगाचं मिळालं, लाल, पिवळं की हिरवं? माहीत नसेल तर "माहीत नाही" असंच लिहा, पुढच्या महिन्यात आपण मिळून विचारायला जाऊ. बाटली कशी भरायची ते मी करून दाखवते, एक रिकामी सोबत आणली आहे.

माझी मैत्रीण मे महिन्यात येणार आहे. म्हणाली, या वेळी तू मला फिरव. तिला आधी बोडीवर नेणार, मग त्या जोडाजवळ.