मोतीबिंदू निघाला, तरी समोरचे दिसत नसेल तर

(वर्धापन दिनाच्या सभेतील भाषण)



आम्ही काही डॉक्टर नाही. सातवी शिकून मिलमध्ये लागलो, साचेखात्यात जन्म गेला. पण जे घरात भोगले आणि मग वाचून, विचारून समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या मायचा मोतीबिंदू निघाला. पट्टी सुटली, उजेड आला, आम्ही खूश! पण माय म्हणे, "मले तुह्यं तोंड दिसत नाही बापा, निस्ते कान दिसतात." आम्ही हसण्यावारी नेले. ती गल्लीतून एकटी विहारात येई, कुठे ठेचकाळत नसे. मग दिसत नाही कसे? वस्तीतही कुजबुज झाली, जयभीम घातला तरी म्हातारी पाहत नाही, गुर्मी आली. असे वर्ष गेले.

शेवटी अकोल्याला एका डॉक्टरांनी थेंब टाकून डोळ्याची बाहुली मोठी केली व आतला पडदा पाहिला. पडद्याच्या मधोमध लहानशी जागा असते, तिला पीतबिंदू म्हणतात. वाचणे, सुई ओवणे, चेहरा ओळखणे, ही कामे तिची. वयाने ती झिजते. कडेचा पडदा शाबूत राहतो, म्हणून माणूस चालतो-फिरतो. पण जिथे नजर लावावी तिथेच डाग! मायच्या त्या जागी रक्त झिरपून व्रण झाला होता. वेळ गेली होती. चूक आमची होती.

डॉक्टर आत काय शोधतात? सुरुवातीला पडद्याखाली पिवळसर ठिपके दिसतात. तेव्हा माणसाला बहुधा काही जाणवत नाही. हा कोरडा प्रकार, सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवतात, त्यातून पाणी-रक्त झिरपते आणि थोड्याच दिवसांत नजर ढासळते. ओसीटी यंत्रावर ती सूज दिसते. त्यावर डोळ्यात इंजेक्शने देतात, पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. वेळेवर घेतली तर बहुतेकांची नजर टिकते. व्रण झाल्यावर गेलेली परत येत नाही. नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळेलच असे नाही.

घरीही एक परीक्षा करता येते. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी ती दिली. चौकटीचा कागद घ्या, मधोमध ठिपका काढा. जवळचा चष्मा लावून दीड वितीवर धरा. एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहा, मग दुसरा. मिलवाल्यांना सांगायचे तर तो ताणा-बाणाच! रेघा वाकड्या, लाटेसारख्या दिसल्या किंवा मधले घर पुसट झाले, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. दोन्ही डोळे उघडे ठेवू नका. चांगला डोळा वाईटाचे झाकून नेतो.

अमरावतीला इर्विन, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय आहे. तिथे स्पष्ट विचारा, "थेंब टाकून पडदा पाहाल का?" पन्नाशी ओलांडलेल्यांनी, घरात कुणाला हा आजार असलेल्यांनी विचाराच. साखर असलेल्यांनी तर दरवर्षी. तिने पडद्याचा वेगळा आजार होतो, पण तोही याच तपासणीत सापडतो. आणि बंधूंनो, बिडी-सिगारेट सोडा. तिने हा धोका वाढतो.

आमची माय आज आवाजावरून माणूस ओळखते. म्हणून एकच विनंती. म्हाताऱ्या माणसाला जयभीम घालताना आपले नाव सांगत जा. आणि ती "दिसत नाही" म्हणाली, तर हसू नका.

जयभीम!